बिबट्याच्या मुलखातले कुत्र्याचे घर

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत जो शेतावर वस्ती करून राहतो, त्याला कुत्र्यासाठी अंगणात निवारा बांधताना ऊन-पावसाच्या आधी बिबट्याचा विचार करावा लागतो. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे यांचे पाणी कालव्यांनी शिवारात आले आणि जिथे पूर्वी बाजरी पिकायची तिथे वर्षभर उभा राहणारा ऊस आला. उसात बिबट्याला आडोसा मिळतो, गारवा मिळतो, पिल्ले घालायला निवांत जागा मिळते. आणि खायला वस्तीच्या कडेने हिंडणारी कुत्री मिळतात. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून त्यांचा आहार तपासला, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. आमच्याकडे ज्यांची कुत्री रात्रीतून नाहीशी झाली आहेत, त्यांना या आकड्याचे नवल वाटत नाही.

अशा ठिकाणी कुत्रा दाराशी साखळीने बांधून ठेवणे म्हणजे त्याला पळण्याची आणि लपण्याची एकमेव संधी नाकारणे होय, आणि तरीही आजूबाजूच्या बहुतेक वस्त्यांवर हेच होते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आपल्याकडे आहे आणि त्याच्या ११व्या कलमात अवास्तव आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला फार वेळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे आणि पुरेसा निवारा न देणे या तिन्ही गोष्टी गुन्हा म्हणून लिहिलेल्या आहेत. तरी मला वाटते की इथे कायद्यापेक्षा सवयीचा प्रश्न मोठा आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो, पण आपल्या घरांच्या आराखड्यात गोठ्याला, कोंबड्यांच्या खुराड्याला, कडब्याच्या गंजीला जागा असते आणि कुत्र्याला नसते. तो बैलगाडीखाली, गोठ्याच्या तोंडाशी, चुलीच्या राखेत आपली सोय आपण पाहतो असे आपण धरून चालतो. बिबट्या नसता तर ते चालूनही गेले असते.

नारायणगावच्या परिसरात आमचे शेत आहे आणि तिथे आमच्याबरोबर दोन कुत्री राहतात. राणी ही सोलापूरकडून आणलेली, कारवानी या शिकारी जातीची कुत्री आहे आणि वाघ्या हा इथलाच, वस्तीवर जन्मलेला गावठी कुत्रा. त्यांच्यासाठी पक्के घर बांधायचे ठरले तेव्हा जवळच्या लोखंडी कामाच्या वर्कशॉपमधून तयार पिंजरा आणण्याचा सल्ला बहुतेकांनी दिला. पिंजरा भक्कम असतो यात शंका नाही. पण बिबट्या आत येणार नाही एवढीच अट पुरी करणारी वस्तू आणि कुत्र्याला राहण्याजोगी जागा यांत मोठे अंतर असते, आणि माझ्या दृष्टीने खरी कसोटी अशी की दिवस मावळल्यावर कुत्रा आपण होऊन आत गेला पाहिजे. ज्याला रोज पट्टा धरून ओढत आत कोंडावे लागते तो कुत्रा एखाद्या संध्याकाळी घाईत बाहेरच राहून जातो, आणि आमच्याकडे तशी एक संध्याकाळ पुरते.

म्हणून मी बांधकामाच्या आधी ही दोघे दिवसभर कुठे कुठे बसतात याची ऋतूंनुसार नोंद ठेवली. हिवाळ्यात सकाळी ती खळ्याच्या पूर्वेकडच्या काठावर अंगावर ऊन घेत पसरतात, दहानंतर भिंतीच्या सावलीला सरकतात. उन्हाळ्याच्या दुपारी पाण्याच्या टाकीखाली, जिथे नळ ठिबकून जमीन ओली राहते तिथे, वाघ्या माती उकरून पोट टेकतो. पावसाळ्यात मोटारीच्या खोलीत खताच्या रिकाम्या गोण्यांवर दोघे अंग चोरून असतात. राणी शक्यतो जमिनीवर बसतच नाही, बाज दिसली की तिच्यावर चढते. या नोंदींतून मला जे उमगले ते असे की कुत्रा एका जागी राहत नाही. तो सूर्याबरोबर, वाऱ्याबरोबर आणि ओलीबरोबर जागा बदलत राहतो, आणि आपण त्याला चार भिंती देतो तेव्हा त्याची ही निवड काढून घेतो. तेव्हा बांधायचे ते असे, की रात्रीच्या बंद जाळीच्या आतसुद्धा त्याला उबदार कोपरा, वाऱ्याची जागा आणि थंड जमीन यांतले काही ना काही निवडता यावे.

दिशा ठरवणे त्यामुळे फार महत्त्वाचे झाले. आमच्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, त्यामुळे पश्चिमेची भिंत पूर्ण भरीव आणि बाकीच्या तीन बाजूंना खाली दोन फूट भिंत व वर जाळी अशी रचना केली. दार पूर्वेला ठेवले, म्हणजे कोवळे ऊन थेट आत येते आणि रात्रभराची ओल निघून जाते. दक्षिणेची बाजू उघडी ठेवायला मिस्त्री तयार नव्हते, पण इथल्या सूर्याचा हिशेब पाहिला तर ती उघडीच हवी. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो, म्हणून वळचणीखालून ऊन तिरपे आत शिरते. मेच्या मध्यानंतर मात्र तो डोक्यावर येतो, त्याच्याही पुढे थोडा उत्तरेकडे सरकतो, आणि अडीच फुटांची वळचण त्याला सहज अडवते. भर उन्हाळ्यात ताप देतो तो वरून, छपरातून, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीतून. त्या भिंतीला लागून शेवग्याची रांग लावली आहे आणि घराच्या उत्तरेला जुना कडुलिंब आहे.

छपराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कुत्र्यांच्या निवाऱ्यांत सर्वांत जास्त हयगय तिथेच होते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते आणि माणसासारखा घाम त्याला येत नाही. पंजांच्या गाद्यांतून थोडासा येतो, तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग धाप टाकणे हा आहे, म्हणजे जीभ आणि श्वासमार्ग यांवरच्या ओलाव्याचे बाष्पीभवन. बंद, दमट जागेत हे बाष्पीभवन मंदावते आणि कुत्रा कितीही धापा टाकत असला तरी आतून तापत जातो. थंड देशांतल्या पुस्तकी आराखड्यांत कुत्र्याच्या अंगाची ऊब आत कोंडून राहावी म्हणून झोपण्याची पेटी मुद्दाम लहान आणि बुटकी ठेवतात. तोच आराखडा उचलून आपल्याकडे एकेरी पत्र्याखाली बांधला, की मे महिन्यात ती भट्टी होते. आम्ही वर पन्हळी पत्रा, त्याखाली अर्ध्या फुटाची हवेची पोकळी आणि त्याखाली सिमेंटचे सपाट बोर्ड असे दुहेरी छप्पर केले आणि पोकळीची दोन्ही टोके बारीक जाळी लावून वाऱ्याला मोकळी ठेवली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पत्र्यावर चुन्याचा हात मारतो. या रचनेचा आणखी एक लाभ पावसाळ्यात कळतो. माणसाला जो आवाज ऐकू येतो त्याच्या दुप्पटीहून अधिक कंपनसंख्येपर्यंतचा, सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज कुत्र्याला ऐकू येतो आणि उघड्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा मारा त्याला फार त्रासदायक होतो. खालच्या बोर्डामुळे तो पुष्कळ दबतो.

छपराची उंची आत साडेसहा फूट आहे. कुत्र्याला एवढ्या उंचीची गरज नाही, ती साफ करणाऱ्या माणसासाठी आहे. ज्या जागेत ओणवे होऊन, गुडघे टेकून शिरावे लागते ती जागा रोज धुतली जात नाही.

जोते दीड फूट उचलले. आमची जमीन काळी आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खणून मुरमाची भर, दगडांचे सोलिंग आणि त्यावर काँक्रीट घालावे लागले. वरच्या थरासाठी मिस्त्रींचा आग्रह फरशीचा होता. “ताई, शहाबादी बसवून टाकू, धुवायला बरी,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण फरशीचे सांधे कालांतराने उघडे पडतात, त्यांत मूत्र मुरते आणि वास जाता जात नाही. शिवाय ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरून वयस्क कुत्र्यांच्या मागच्या पायांना इजा होते. शेवटी सलग कोबा केला, तो ओला असतानाच त्यावरून खराटा फिरवून पृष्ठभाग थोडा खरखरीत ठेवला आणि फुटाला पाव इंच या मापाने ढाळ उत्तरेकडच्या नालीकडे दिला. नाली जाळीच्या बाहेर आहे आणि तिचे पाणी विहिरीपासून दूर काढलेल्या शोषखड्ड्यात जाते. कुत्र्यांची विष्ठा आम्ही भाजीच्या वाफ्यांना लागणाऱ्या खतात टाकत नाही, कारण कुत्र्यांच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि लहान मुलांना त्यांपासून आजार होतो. तिच्यासाठी वेगळा खड्डा आहे.

भिंत कशाची करावी यावर मी बरेच दिवस घालवले, आणि तिचा निर्णय अखेर गोचिडाने केला. आमच्या बांधावर काळा दगड हवा तेवढा पडलेला आहे आणि रचीव दगडांची बुटकी भिंत दिसायला फार देखणी झाली असती. पण कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर घालवतच नाही. अळी, मधली अवस्था आणि प्रौढ अशा तीन वेळा तो रक्त पिण्यासाठी अंगावर चढतो आणि प्रत्येक वेळी पोट भरले की खाली गळून पडतो; मग भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, छपराच्या सांध्यात जाऊन पुढची अवस्था गाठतो. रक्ताने टम्म फुगलेली मादी अशाच एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. खाली पडलेल्या गोचिडाचा कल वर चढण्याकडे असतो, हे मला पशुवैद्यांनी सांगितले तेव्हा लोक नुसते अंथरूण झटकून का हरतात ते लक्षात आले. रक्तातल्या पेशींवर हल्ला करणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू हाच गोचीड पसरवतो. आपल्या उबदार हवेत त्याचे चक्र बाराही महिने चालू राहते, आणि कुत्र्याच्या अंगावर औषध लावून घराच्या फटी तशाच ठेवल्या तर ते औषध आयुष्यभर पुरत नाही. तेव्हा भिंत विटांची करून तिला आतून-बाहेरून गिलावा केला, घोटून गुळगुळीत केला, भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे कोपऱ्याला गोलाई दिली आणि लोखंडी चौकट भिंतीला जिथे टेकते तिथल्या फटी सिमेंटने बुजवल्या. छताखाली बांबूची चटई लावावी असे घरात सर्वांना वाटत होते, ती दिसलीही छान असती, पण चटईच्या विणीत जितक्या फटी असतात तितक्या त्या दगडी भिंतीतही नसतात. काळा दगड शेवटी अंगणातल्या पायवाटेला वापरला, त्याच्याही सगळ्या फटी भरून.

जाळीचे काम नारायणगावच्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांनी केले. त्यांनी प्रथम कुंपणाची गुंफलेली जाळी सुचवली होती, कारण ती स्वस्त पडते. तिच्यात दोन उणिवा आहेत. एक तार तुटली की ती उसवत जाते, आणि कुत्र्याने दातांनी किंवा पंजाने ओढली की तिची भोके फाकतात व त्यांत नख किंवा जबडा अडकतो. आम्ही १० गेजची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या तारेची, वेल्ड केलेली जाळी घेतली आणि तिचे एकेक भोक दीड इंचाचे ठेवले, म्हणजे बिबट्याचा पंजा आत येत नाही. जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने लावली आणि तिच्यावर लोखंडी पट्टी बसवून बोल्ट आवळले. बाहेरून कितीही धक्का बसला तरी जाळी चौकटीवर दाबली जाते, सुटत नाही. आतून लावलेली जाळी त्याच धक्क्याने वेल्डिंगमधून निघू शकते. बिबट्या उभ्याने सुमारे दहा फूट उडी मारू शकतो, त्यामुळे वरून उघडे आणि नुसतेच उंच कुंपण कामाचे नाही, हे या भागात सर्वांना ठाऊक असते. पण पत्र्यावर विसंबूनही चालत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात, आणि त्या रात्री छप्पर उघडे पडू नये म्हणून पत्रा आणि आडव्या नळ्या यांच्या मध्ये हीच जाळी सलग पसरली आहे.

दार बाहेर उघडावे की आत, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आत उघडणारे दार माणसाला सोयीचे असते, कारण ते ढकलून शिरताना कुत्रा फटीतून निसटत नाही. पण बाहेरून येणारा धक्का अशा दाराच्या फक्त कडीवर आणि बिजागऱ्यांवर पडतो, शिवाय कुत्रा आजारी होऊन दारामागेच पडला तर आत जाणे अवघड होते. बाहेर उघडणारे दार धक्क्याने चौकटीवर सर्व बाजूंनी टेकते. आम्ही ते बाहेर उघडणारे केले, वर आणि खाली अशा दोन कड्या लावल्या आणि दोन्हींना खिट्टी दिली, कारण एकच कडी असेल तर हुशार कुत्रा ती नाकाने उचलायला शिकतो. आतून पाहिले तर घराचे मागचे दार समोर दिसते. कुत्र्याला आपली माणसे कुठे आहेत हे दिसत राहिले की त्याचे रात्रीचे भुंकणे कमी होते असा माझा अनुभव आहे. रस्त्याकडची बाजू मात्र भिंतीआड ठेवली आहे, नाहीतर प्रत्येक मोटारसायकलीची तो दखल घेतो.

आत दोघांसाठी बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद जागा आहे. पश्चिमेच्या भिंतीला लागून नवारीची बुटकी बाज राणीसाठी आहे. कारवानी किंवा मुधोळ जातीची कुत्री पळण्यासाठी घडलेली असतात. त्यांच्या अंगावर चरबी नसते, केस अगदी आखूड असतात आणि हाडे कातडीला भिडलेली असतात, त्यामुळे कठीण जमिनीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात आणि पाणी साचते. जुन्नरचा हिवाळा त्यांना सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत बाजेच्या तीन बाजूंना लाकडी फळ्या उभ्या करतो आणि वर घोंगडी टाकतो, उन्हाळ्यात फळ्या काढतो, म्हणजे नवारीखालून वारा खेळतो. अंथरुणासाठी उसाचे पाचट फुकट मिळते, पण ते ओल धरते आणि त्यात पिसवा होतात, म्हणून जुन्या चादरी वापरतो. त्या उकळत्या पाण्यात धुता येतात. वाघ्याला बाज नको असते. त्याच्यासाठी ईशान्येच्या कोपऱ्यात कोब्याऐवजी धुतलेल्या वाळूचा, फूटभर खोल हौद सोडला आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी वाळूवर पाणी शिंपडतो आणि टाकीखालच्या ओल्या जमिनीची त्याची सवय तिथे भागते. वाळू दर हंगामाला बदलावी लागते, हे काम कष्टाचे आहे, पण पहिल्याच रात्री तो कुणी न सांगता त्या कोपऱ्यात जाऊन बसला.

अन्न आत ठेवत नाही. भाकरीचे उरलेले तुकडे रात्रभर पडून राहिले की उंदीर येतात, उंदरांमागे घोणस आणि नाग येतात, आणि उंदरांच्या मूत्रातून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस पसरतो, जो कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही. पाणी मात्र सतत असते, जड दगडी कुंडीत, रोज बदललेले. आठवड्यातून एकदा सगळे सामान बाहेर काढून कोबा आधी साध्या पाण्याने भरपूर धुतो आणि मगच पातळ केलेले ब्लीच वापरतो. हा क्रम पाळावा लागतो, कारण घाणीवर ब्लीचचा परिणाम उरत नाही आणि मूत्रावर ते थेट ओतले तर डोळ्यांना व श्वासाला झोंबणारा वायू निघतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने जिवंत राहतो आणि नेहमीचे फिनेल त्याला पुरे पडत नाही, म्हणून ब्लीचचा हा खटाटोप. धुऊन झाल्यावर दार सताड उघडे टाकून ऊन आत येऊ देतो.

दिवसा दार उघडेच असते. अंधार पडायच्या सुमारास, दूध काढून झाले की दोघांना बाजरीची भाकरी आणि दूध त्या घराच्या ओट्यावर मिळते, आणि खाणे संपवून ती आत जातात. मी कड्या लावते. ऊसतोड चालू असते तेव्हा फडांतून बिबटे हुसकले जातात आणि वस्तीजवळ जास्त दिसतात, म्हणून त्या महिन्यांत दिवस मावळायच्या आधीच दार लावतो आणि सकाळी चांगले उजाडल्याशिवाय उघडत नाही.

आता वाघ्याचे वय झाले आहे आणि दीड फुटाचे जोते चढताना तो पायरीशी थांबून राहतो. जोते कमी करता येणार नाही, कारण पावसाळ्यात अंगणातले पाणी एक फुटापर्यंत येते, तेव्हा पूर्वेच्या दारासमोर नऊ फूट लांब उतरण करायचे ठरवले आहे. तिच्यावर कोब्यातच दर चार इंचांना आडव्या खाचा पाडायच्या आहेत, म्हणजे ओल्या पायांना पकड मिळेल, आणि कडेला दोन इंच उंच कठडा ठेवायचा आहे, कारण त्याला डाव्या डोळ्याने कमी दिसते. मिस्त्री मेमध्ये मोकळे आहेत आणि खडी येऊन पडली आहे.